झिजेचं बिल

लष्करातल्या कोठीचं हॉटेल होतंय.
मी मोजणीवाली. टेप, वही, कानामागे पेन्सिल.
जिन्याच्या चौतीस पायऱ्या, पैकी एकोणीस तडकलेल्या,
कोणी म्हणे लोखंडी तिजोरी ओढत खाली नेली होती.

दिवाणखान्यात इटलीचा संगमरवर उतरलाय
लाकडी पिंजऱ्यांत, आजाऱ्यासारखा भिंतीला टेकून.
एका लादीची शीर दुसरीच्या शिरेला जुळवून
पाठीवर खडूने आकडे घातलेत.
त्याच्यापाशी सगळे हळू आवाजात बोलतात.
जिन्याला मात्र इथलाच दगड, ग्वाल्हेरचा, हिरवट झाकेचा.
कंत्राटदार त्याला मिंट म्हणतो,
जणू जेवणानंतर चघळायचा आहे.

दिल्लीहून डिझायनरबाई आल्या, म्हणाल्या,
नव्या पायऱ्या नव्या दिसता कामा नयेत.
नकाशात प्रत्येक पायरीच्या बरोब्बर मध्ये
एक उथळ खळगा, अकरा मिलीमीटर,
शेजारी लाल शाईत: झीज.

परसादी सिलावटांनी कागद सुलटा धरला, उलटा धरला,
चष्मा कपाळावर सारला
आणि लष्करातल्या घरांत शिकलेल्या मराठीत विचारलं,
"ताई, हे पाय कुणाचे?"

कुणाचेच नाहीत, मी म्हटलं. डिझाइन आहे.

ते हसले नाहीत.
बादली आणली आणि शाबूत राहिलेल्या पंधरा पायऱ्यांवर
वरून सावकाश पाणी सोडलं.
पाणी मध्ये थांबलंच नाही.
भिंतीकडे सरकलं, आणि तिथे वीतभर जागेत
पायरीपायरीला तळं होऊन बसलं.

मध्ये गालिचा असायचा, मालकांसाठी.
भिंतीला खांदा घासत चढायचे
पाणके, मशालजी, बंबाचं पाणी नेणाऱ्या बाया,
आपापली पायरी ओळखून.
सातव्या पायरीवर तळं जरा मागे होतं.
"वळण आहे ना," परसादी म्हणाले,
"भरली कळशी हिंदकळू नये म्हणून
इथे टाच रोवावी लागते."

टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो म्हणतात.
इथे पायरीची पायरीच व्हायची होती, फक्त जुनी.
त्यांनी भाच्याला, इमरतला, तळपायाला खडू फासून
भरल्या बादल्या घेऊन दिवसभर चढवलं, उतरवलं.
संध्याकाळी तो रडकुंडीला आला.
जिथे खडू उमटला तिथे छिन्नी,
मग कुरुंद, मग ओलं तरट,
शेवटी हाताचा पंजा, नुसताच.
ग्राइंडर लावा, लवकर होईल, मुकादम ओरडला.
ग्राइंडर दगड उतरवतो, परसादी म्हणाले,
आणि पुढचं बोलले नाहीत, तोंडात धूळ होती.

मी वहीत रकाना शोधत बसले.
दगड पुरवणे, घनफुटात. बसवणे, चौरस फुटात.
नक्षी, रनिंग फुटात.
काढून टाकलेल्या, पाण्याबरोबर मोरीत गेलेल्या दगडाचा दर
दरपत्रकात कुठेच नाही.
शेवटी लिहिलं: झीज, भिंतीकडील, हातकाम, नग एकोणीस.
दिल्लीहून दोन ओळी आल्या:
भिंतीकडील का? ड्रॉइंगप्रमाणे नाही.
बिल अडलं.

मग गालिचा आला, मरून रंगाचा,
पितळी दांड्यांनी जिन्याच्या मधोमध ताणून बसवला.
लाल शाईतली झीज जिथे व्हायची होती, नेमकी तिथे.
याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री लिफ्ट अडकली.
मी खाली पायपुसण्यांची संख्या मोजत होते.
कडक इस्त्रीच्या गणवेशातला एक पोरगा,
परवाच लागलेला, नाव अजून छातीवर आलेलं नाही,
दोन्ही हातांत बॅगा, गालिच्यावर पाय द्यायचा नाही अशी ताकीद,
भिंतीच्या कडेने चढू लागला.
खाली पाहत नव्हता.
सातवीवर टाच जरा मागे रोवून थांबला,
जड बॅग या हातातून त्या हातात घेतली,
आणि वळला.